सशेवाले डॉक्टर

माणसांची नावं डॉक्टरांच्या लक्षात राहत नसत, रक्तगट राहत. शिपाई फाटकातून आत आला की म्हणत, "काय हो, बी-पॉझिटिव्ह, सायकल पंक्चर झाली वाटते." तहसीलदारांच्या पत्नीला त्यांनी भर बाजारात हात जोडून "नमस्कार, एबी" म्हटलं होतं, आणि ती बाई घरी जाऊन नवऱ्याला विचारत बसली होती की ही शिवी आहे का काय आहे. माझा गट ओ. म्हणून मी त्यांची ‘ओ बाई’. आमच्याकडे कोणत्याही बाईला हाक मारायची तर ‘ओ बाई’च म्हणतात, त्यामुळे हे माझं नाव आहे हे मला बरेच दिवस कळलंच नाही. एकदा त्यांच्या हाकेला दुसऱ्या सिस्टरनं ओ दिली, तर चिडले. "तुमी नाही. तुमी ए."

सत्तर सालानंतरचे दिवस. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. तिथं एका ट्रस्टचा छोटा दवाखाना होता. आता तो राहिला नाही. मी तिथं नर्स होते. वडील कामरगावला शेतमजुरी करत, आणि आमच्या अख्ख्या वस्तीत महिन्याचा पगार आणणारी मी पहिली मुलगी. दवाखान्यात मागच्या बाजूला रक्त-लघवी तपासायची एक खोली होती. तिथं हे डॉक्टर बसत. खरं म्हणजे ते काम एखाद्या शिकाऊ माणसाचं. यांच्याकडे मोठ्या पदव्या होत्या, मुंबईच्या एका संस्थेत त्यांनी कितीतरी वर्षं काढली होती. तिथं घोड्यांना सापाचं विष थोडं थोडं टोचून त्यांच्या रक्तातून सर्पदंशाची लस काढत. ती नोकरी सोडून हा माणूस वाशीमला का आला, याच्या गावात दोनतीन कथा होत्या. कोणी म्हणे साहेबाशी भांडले, कोणी म्हणे बायकोनं सोडलं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "तिथी घोडे होते, माणसं नव्हती." ते मूळचे अनसिंगकडचे. इंग्रजी पुस्तक वाचता वाचता मान वर करून अस्सल वऱ्हाडीत बोलत.

खोलीच्या मागे कडुनिंबाखाली त्यांनी पिंजरे बांधून घेतले होते आणि त्यात ससे ठेवले होते. गावात त्यांचं नाव पडलं ‘सशेवाले डॉक्टर’. ट्रस्टच्या अध्यक्षांनी एकदा येऊन विचारलं, "हा दवाखाना आहे का सर्कस?" डॉक्टर शांतपणे म्हणाले, "सर्कशीत जनावरं माणसाचं ऐकतात. अठी मी त्याइचं ऐकतो." अध्यक्षांना काही कळलं नाही, ते निघून गेले.

त्यांना एकाच गोष्टीची चीड होती. अंदाज. "अंदाजे मलेरिया असीन" असं कोणी लिहून पाठवलं की तो कागद परत पाठवत. म्हणत, "माणसानं मरणाले भेऊ नाही, अंदाजाले भेवावं." आणि प्रत्येकानं आपलं रक्त आपल्या डोळ्यांनी पाहावं असा त्यांचा हट्ट. एसटीचा कंडक्टर असो, पोलीस असो, झाडूवाली असो. बोटाला सुई टोचली की काचेवर थेंब पसरायचा, रंग द्यायचा, आणि त्या माणसाला दुर्बिणीसमोर, म्हणजे सूक्ष्मदर्शकासमोर, बसवायचं. "पाहा. हे तुमी आहा." माणसं एक डोळा मिटून पाहत आणि अवघडून हसत. काही जण घाबरत. डॉक्टरांना त्याचं काही वाटत नसे. ज्याचं जे खरं आहे ते त्याला दाखवलंच पाहिजे, मग त्याला ते सोसो न सोसो, अशी त्यांची समजूत होती.

एका रामनवमीला ते पोहरादेवीच्या यात्रेत दुर्बीण घेऊन गेले. मलाही नेलं. झाडाखाली टेबल मांडून तापाच्या लोकांचं रक्त तपासायचं ठरलं होतं. दुपारपर्यंत लोकांनी दुर्बिणीपुढे नारळ आणि गुलाल ठेवायला सुरुवात केली. मला वाटलं आता हे ओरडतील. ते ओरडले नाहीत. गर्दीकडे बघत उभे होते. तेवढ्यात कोणाचा तरी खिसा कापला गेला, बोंबाबोंब झाली, दोन हवालदार धावले आणि रिकाम्या हातांनी परत आले. डॉक्टर माझ्याकडे वळले.

"ओ बाई, पाह्यलं? चोर कुठी गेला?"

"गर्दीत गेला, सर."

"गर्दीत गेला नाही. गर्दीतलाच होता. धोतर तसंच, पागोटं तसंच. पोलीस त्याच्या अंगाले घासून गेला अन् त्यानं ओळखलं नाही. रक्ताचा कॅन्सर असाच असते. आपल्याच पांढऱ्या पेशी बिघडतात. आपले पोलीस बाजूनं जातात, म्हणतात, हा तं आपलाच माणूस."

"मग?"

"मग कोणी तरी चोराच्या पाठीवर हळदीचा हात मारला पाहिजे. फक्त चोराच्या. मग पोलीस बरोबर धरतात. मारायचं काम पोलिसाचंच आहे, आपण फक्त हळद लावाची."

ती हळद त्यांना सशाच्या रक्तात काढायची होती. सापाचं विष टोचलं तर घोड्याचं रक्त विषाला ओळखायला शिकतं. तसं कॅन्सरच्या पेशी टोचल्या तर सशाचं रक्त त्या पेशींना ओळखायला शिकेल. ते पाणी, म्हणजे रक्त गोठल्यावर वर सुटतं ते पिवळं सीरम, रोग्याला दिलं की ते जाऊन बिघडलेल्या पेशींना चिकटेल. मग रोग्याच्या स्वतःच्या पेशी त्यांच्यावर तुटून पडतील. हे त्यांचं एकट्याचं डोकं नव्हतं. परदेशात लोक यावर काम करत होते, आणि त्यांची मासिकं डॉक्टरांकडे महिनोन्‌महिने उशिरा, चुरगळून, पोस्टानं येत. पण वाशीमला बसून हे करायचं म्हणणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

कॅन्सर म्हणजे काय हे मला तोवर पुस्तकातच माहीत होतं. वच्छला आली तेव्हा डोळ्यांनी पाहिलं.

वच्छला माळ्याची सून. गावाबाहेर ओढ्याकाठी त्यांची भाजीची वाडी होती; वांगी, मेथी, पालक, कोबी. तिला तिच्या सासूनं आणलं. सासूचं नाव अंजनाबाई, सारे तिला अंजनामाय म्हणत. उंच, काळी, बाजारात तिच्याशी घासाघीस करायची कोणाची हिंमत नव्हती. सुनेला हिरड्यांतून रक्त येत होतं, मानेत गाठी आल्या होत्या, अंगावर कुठंही काळेनिळे डाग पडत होते. अंजनामायनं पदराखालून तिचा दंड उघडा करून दाखवला आणि आधीच सांगून टाकलं, "आमी मारलं नाही तिले. कोणालेही विचारा."

डॉक्टरांनी काच पाहिली. पुन्हा पाहिली. मग खुर्ची मागे सरकवून म्हणाले, "ये पोरी. पाह्य."

मी म्हटलं, "सर, कायले?"

"तिचं आहे."

वच्छलानं पाहिलं. जांभळ्या रंगाच्या गोल गोल पेशी, काच भरून, एकीला लागून एक. तिचं वय तेव्हा विशीच्या आतबाहेर असेल. ती म्हणाली, "दिसाले तं चांगल्या दिसून राह्यल्या."

"हाव," डॉक्टर म्हणाले. "तेच तं."

डॉक्टरांनी तिला मुंबईला पाठवलं. वच्छलाचा नवरा नारायण, अबोल माणूस, तिला घेऊन गेला. तिथल्या गोळ्यांनी आणि सुयांनी तिचे केस गेले, पण गाठी बसल्या, रक्त सुधारलं. ती परत आली, डोक्याला रुमाल बांधून वाडीत तण निंदायला बसू लागली. मग पुढच्या हिवाळ्यात गाठी पुन्हा आल्या. मुंबईला पुन्हा नेलं, तर तिथल्या डॉक्टरांनी नारायणला बाजूला घेऊन सांगितलं, आता घरी न्या.

तेव्हा अंजनामाय एकटी दवाखान्यात आली आणि मागच्या खोलीच्या उंबऱ्यात बसली. म्हणाली, "लोक म्हणतात तुमी सशापासून दवा करता."

"करत नाही. कराचा विचार करतो."

"मंग करा ना."

"माय, कोणावर केली नाही मी ते. उपेग होईन का नाही, मले माहीत नाही. उलटं बी होऊ शकते."

"ते मरून राह्यली, डाक्तर. याच्याहून उलटं काय असते?"

मी खूप सासवा पाहिल्या. सुनेसाठी अशी उंबऱ्यात बसलेली ही एकच. नंतर मला कळलं की वच्छला तिच्या मैत्रिणीची मुलगी होती, आई लहानपणी गेलेली, आणि अंजनामायनंच मागणी घालून तिला घरात आणलं होतं. म्हणायची, "मी तिले आणली. तिचा बाप देत नव्हता."

डॉक्टरांनी मुंबईला आपल्या जुन्या वरिष्ठांना विचारून पाहिलं. उत्तर आलं नाही. मग त्यांनी नारायणला, वच्छलाला, अंजनामायला एकत्र बसवून सगळं सांगितलं, चोर, पोलीस, हळद, काय होऊ शकतं, काय नाही. आणि काम सुरू केलं.

वच्छलाच्या रक्तातल्या पेशी सशांना टोचायच्या, काही दिवस थांबायचं, पुन्हा टोचायच्या. मग सशाच्या कानाच्या शिरेतून रक्त काढायचं. अंजनामाय रोज सकाळी बाजारात जायच्या आधी टोपली घेऊन यायची आणि कोबीची पानं, मुळ्याचा पाला, गाजरं सशांना घालायची. सशांच्या कानांना सुया टोचताना तिनं पहिल्यांदा तोंड फिरवलं. मग बघायला लागली. एकदा म्हणाली, "मुके जीव. आमच्यापायी." आणि सगळ्यात कोवळी पानं त्याच सशाला घातली.

सुरुवातीला ती माझ्या हातचं पाणी घेत नव्हती. मी ‘जयभीम’वाल्यांची, हे तिला पहिल्याच दिवशी कोणीतरी सांगितलं होतं. मला त्याची सवय होती. पण डॉक्टरांना सीरम तपासायला निरोगी माणसाच्या पांढऱ्या पेशी लागत, आणि त्यांनी बाटली पुढे करून "ओ बाई, हात" म्हटलं की मी हात पुढे करी. माझं रक्त वच्छलाच्या कामासाठी जातं हे तिनं पाहिलं. त्यानंतर एक दिवस ती उन्हातून आली आणि माझ्या क्वार्टरच्या ओट्यावर बसून म्हणाली, "पाणी दे वं." इतकंच. आम्ही दोघी त्यावर कधी बोललो नाही.

सीरम काढणं सोपं होतं, ते साफ करणं कठीण. सशाला माणूसच परका. त्याचं रक्त फक्त चोराला नाही, माणसाच्या साऱ्याच पेशींना ओळखायला शिकायचं. म्हणून ते सीरम निरोगी रक्तात कालवून ‘धुवावं’ लागे. निरोगी पेशींना चिकटणारा भाग तिथंच चिकटून निघून जाई आणि उरलं तर फक्त चोरापुरतं उरे. उरलं तर. बहुतेक वेळा काहीच उरत नसे. "नाही धुतलं तं माणूस जाते, धुतलं तं दम जाते," ते म्हणत. काचेवर वच्छलाच्या पेशी, त्यात सीरम, त्यात माझ्या पेशी, आणि वर एक निळा रंग. मेलेली पेशी निळी होते, जिवंत होत नाही. कधी सगळंच निळं व्हायचं, कधी काहीच नाही. कडुनिंबाचा पाला गळून नवा फुटला तरी तेच.

मग एका सशाचं सीरम निघालं. कान फाटलेला नर होता, पिंजऱ्यात भांडून फाटला होता. डॉक्टरांनी मला बोलावलं आणि काही न सांगता दुर्बिणीसमोर बसवलं. वच्छलाच्या पेशी निळ्या झाल्या होत्या. त्यांच्याभोवती माझ्या पेशी चिकटून होत्या, जसे मुंगळे गुळाला चिकटतात. आणि शेजारच्या काचेवर नारायणच्या निरोगी पेशी तशाच्या तशा, स्वच्छ. निळेपणाचा ठिपका नाही.

मी मान वर केली तर हे भिंतीकडे तोंड करून उभे. मला वाटलं रडतात. ते शीळ घालत होते. त्यांना शीळ येत नव्हती, नुसती हवा.

वच्छलाला दवाखान्यात आणून ठेवलं. आधी हातावर थोडंसं टोचून पाहिलं. मग हळूहळू शिरेतून दिलं. मी शेजारी इंजेक्शन भरून उभी, काही झालं तर द्यायला. अंगाला थंडी वाजली, ताप आला, उतरला. दुसऱ्या दिवशी काही नाही. त्यानंतर मानेतल्या गाठी मऊ पडल्या. आठवड्यात त्या हाताला लागेनाशा झाल्या. रक्ताच्या काचेवर जांभळे गोल विरळ झाले. ती उठून बसली, भाकरी मागितली, आणि मग म्हणाली की मला वाडीत जायचं आहे. नारायण तिला बैलगाडीतून घेऊन गेला. अंजनामाय सांगायची, "बांधावर बसून वांगी तोडून राह्यली होती. मी म्हटलं राहू दे, तं म्हणे हात खाजवून राह्यले कामासाठी."

डॉक्टर मला बजावत, "खूश नका होऊ. थोडं सीरम होतं, थोडा रोग गेला. अजून लागते. पुन्हा पुन्हा लागते." पण ते स्वतः त्या दिवसांत दाढी करून येत.

तेवढ्यात वैशाख लागला.

वाशीमचं ऊन ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून कळत नाही. दुपारी रस्त्यावर कुत्रं नसे. सशांना उकाडा सोसत नाही, ते फार पटकन मरतात. अंजनामायनं पिंजऱ्यांभोवती बारदानाचे पडदे बांधले होते आणि ती बाजारातून येता-जाता ते भिजवायची. दवाखान्याच्या विहिरीचं पाणी खोल गेलं होतं, तरी ओढून ओढून भिजवायची. एक दिवस ती अनसिंगला लग्नाला गेली. आम्ही दवाखान्यात, त्या दिवशी खेड्यातून उलट्या-जुलाबाचे रोगी बैलगाड्या भरून आले होते, आम्हाला मान वर करायला वेळ नव्हता. डॉक्टरही सलाईन लावत होते. चार वाजता ते मागे गेले. बारदानं वाळून कडक झाली होती. पाच ससे आडवे पडले होते, त्यांत तो कान फाटलेला.

त्यांनी त्याला उचलून टेबलावर ठेवलं आणि हातानं वारा घातला. मेलेल्या सशाला. मी त्यांचा हात धरला तेव्हा थांबले.

"दुसरा आहे ना, सर. तीन उरले आहेत."

"यानं जे ओळखलं ते यालेच माहीत होतं," ते म्हणाले. "दुसरा दुसरंच ओळखीन. हे पुन्हा नाही होत."

तेच त्या विद्येचं दुखणं होतं. प्रत्येक ससा वेगळा, त्याचं सीरम वेगळं, आणि तो मेला की ते संपलं. बाटलीत अगदी थोडं उरलं होतं, तेही दिलं. पावसाच्या तोंडाला वच्छलाच्या मानेत पुन्हा गाठी आल्या. उरलेल्या सशांचं सीरम डॉक्टर धूत राहिले. जे धुतलं त्यात दम नव्हता. जे कमी धुतलं ते नारायणच्या पेशींनाही निळं करत होतं.

वच्छलाला आता पाणीही गिळता येत नव्हतं. अंजनामाय त्यांच्यासमोर उभी राहिली. "त्या दुसऱ्या सशाचं द्या."

"ते चोराले बी मारते अन् घरच्याले बी मारते, माय. ते देणं म्हणजे अंदाज."

"मंग अंदाज करा ना एक! साऱ्या जगाचे डाक्तर अंदाज करतात!"

डॉक्टर वच्छलाकडे वळले. जे काय खरं होतं ते तिलाही तसंच सांगितलं, एक शब्द गाळला नाही. तिनं ऐकून घेतलं. मग बोटानं बाटलीकडे दाखवलं आणि मान हलवली. द्या.

त्यांनी दिलं. तिला थंडी भरली, धाप लागली, ओठ निळे पडले. मी भरून ठेवलेलं इंजेक्शन दिलं, ती सावरली. पण त्यानंतर ती उठली नाही. काही दिवसांनी सकाळी गेली. अंजनामाय तिचे पाय चोळत होती. ती गेली तरी चोळत राहिली.

डॉक्टर नारायणला म्हणाले, "माह्या सीरमनं गेली का रोगानं गेली, मले सांगता येत नाही." नारायण म्हणाला, "जाऊ द्या आता." डॉक्टरांना ते जाऊ देता येईना. त्यांनी स्वतः ट्रस्टकडे जाऊन सांगितलं की मी असं असं केलं आहे, चौकशी करा. ट्रस्टवाले घाबरले. म्हणाले, गप्प बसा, कोणाची तक्रार नाही. तेव्हा त्यांनी नोकरीच सोडली. उरलेले ससे कंपाउंडरनं कोणाकोणाला देऊन टाकले. डॉक्टर अनसिंगला गेले आणि बाजारपेठेत एका खोलीत लघवी-रक्त तपासून देऊ लागले.

गावात लोक म्हणू लागले की ती मधली सुधारणा म्हणजे काय, दिवा विझायच्या आधी मोठा होतो, तसं. अंजनामायही तेच म्हणायची. बाजारात भेटली की म्हणे, "दवा-फवा काही नव्हती वं. तिचा दिवाच तेवढा होता. आपण उगा सशाले त्रास देला." हे म्हणताना तिचा आवाज शांत असे. नारायणचं दुसरं लग्न तिनं होऊ दिलं. हळूहळू पुन्हा पहिल्यासारखी गिऱ्हाइकांशी भांडायला लागली होती.

त्यानंतर आणीबाणीच्या दिवसांत कधीतरी, आठवडी बाजाराच्या दिवशी, डॉक्टर एसटीतून उतरून थेट माझ्याकडे आले. कपडे मळलेले, हातात एक मासिक. मला वाचून दाखवायला लागले, मग वऱ्हाडीत सांगायला. परदेशात कोणी दोघांनी एक करामत केली होती. उंदराची ती ओळखणारी पेशी घेतली आणि कधी न मरणाऱ्या एका कॅन्सरच्याच पेशीशी जोडून टाकली. आता ती जोडपेशी काचेच्या बाटलीत वाढत राहते, आणि एकच एक ओळख, तीच ती, हवी तितकी बनवत राहते.

"ससा लागत नाही," ते म्हणाले. "ससा मरत नाही. समजलं तुमाले?"

मला समजलं. मी म्हटलं, "म्हणजे तुम्ही बरोबर होते, सर."

"याचंच वाईट वाटते. चुकलो असतो तं झोप लागली असती." मग म्हणाले, "अंजनामाय कुठी बसते?"

"कायले, सर?"

"तिले सांगतो."

"नका सांगू. तिनं मनाची समजूत घातली आहे. राहू द्या."

"ते समजूत खोटी आहे, ओ बाई. दवा होती. तिले माहीत असाले पाहिजे."

मी त्यांना अडवू शकले असते का, मला माहीत नाही. त्यांना आजवर कोणी अडवलेलं मी पाहिलं नव्हतं. आता या गोष्टीला इतकी वर्षं झाली. मोठ्या शहरांत रक्ताच्या कॅन्सरला तसली औषधं सलाईनमधून देतात, माणसं उठून घरी जातात, असं माझी भाची सांगते. तीही नर्स आहे. ते ऐकलं की लोक म्हणतील आनंद व्हायला हवा. मला तो बाजारच डोळ्यांपुढे येतो.

अंजनामाय टोपलीमागे बसली होती. डॉक्टर तिच्यासमोर उकिडवे बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. तिनं मध्येच एका बाईला मेथीची जुडी दिली, पण कान इकडेच होते. ते संपल्यावर म्हणाली, "म्हणजे ते दिव्याचं भडकणं नव्हतं."

"नाही, माय. दवेनंच बसल्या होत्या गाठी. ससा मेला म्हणून खुंटलं."

"ससा उन्हानं मेला."

"हाव."

मग तिनं अगदी हळू विचारलं, "मंग मी त्या दिवशी लग्नाले गेली नसती तं?"

मी डॉक्टरांचा खांदा दाबला. साधं ‘काही फरक पडला नसता’ म्हणायचं होतं. त्या बाईला तेवढंच हवं होतं, कोणालाही दिसत होतं. त्यांनी विचार केला. खरोखर विचार केला, हिशेब केल्यासारखा, कपाळाला आठ्या घालून.

"तं अजून काही महिने जगली असती," ते म्हणाले. "दिवाळी पाह्यली असती."

अंजनामायनं हातातली जुडी खाली ठेवली. उठली, पदर खोचला आणि टोपली, तागडी, सारं तसंच टाकून गर्दीतून चालायला लागली. मी हाक मारली, तिनं मागं पाहिलं नाही. डॉक्टर तिथंच, टोपलीच्या पुढे, बसून राहिले. एक गिऱ्हाईक थांबलं, त्यांनाच माळी समजलं आणि विचारलं, "मेथी कशी देली?"

ऊन कलल्यावर नारायण आला. त्याला कोणी सांगितलं कोण जाणे. त्यानं आम्हाला काही विचारलं नाही. सुकलेली भाजी गोळा केली, टोपली डोक्यावर घेतली आणि गेला. बाजार उठत होता. मी डॉक्टरांना म्हटलं, चला, अनसिंगची गाडी जाईल. त्यांनी मान हलवली, पण उठता येईना. इतका वेळ उकिडवं बसून त्यांचे पाय बधिर झाले होते. मी काखेत हात घालून उठवायला लागले, तर म्हाताऱ्या माणसासारखे माझ्या अंगावर कलले, आणि आम्ही दोघं तसेच उभे राहिलो, त्यांच्या पायांत जीव येईपर्यंत.